दात आणि दंतरचना : लेखांक 6
रुमाल टाकून धरलेली जागा

तोंड मिटल्यावर वरच्या आणि खालच्या दातांच्या ओळी एकमेकींवर ज्या रीतीने बसतात, त्या बसण्याला या लेखमालेत 'मिळणी' म्हटले आहे. मिळणी ठीक असते तेव्हा वरची ओळ खालच्या ओळीला डब्याच्या झाकणाप्रमाणे बाहेरून किंचित झाकते, वरचे पटाशीचे दात खालच्या पटाशीच्या दातांपेक्षा 2 ते 3 मिलिमीटर पुढे असतात आणि दाढांचे उंचवटे समोरच्या दाढांच्या खाचांत बसतात. ही रचना बिघडली की दात पुढे येतात, एकमेकांवर चढतात, समोरच्या दातांत उघडी फट राहते किंवा झाकण डब्याच्या आत जावे तशी वरची ओळ एखाद्या बाजूला खालच्या ओळीच्या आत बसते. या शेवटच्या प्रकाराला दंतवैद्य क्रॉसबाइट म्हणतात. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने 1899 मध्ये पहिली कायमची दाढ प्रमाण धरून या बिघाडांचे तीन वर्ग पाडले. त्याची वर्गवारी केवळ पुढेमागे पाहते, उंची आणि रुंदी यांच्याकडे ती लक्षच देत नाही. तरीही ती एका वाक्यात सांगता येते, म्हणूनच बहुधा सव्वाशे वर्षे टिकली आहे.

बिघाडाच्या कारणांपैकी आनुवंशिकतेविषयी फार बोलण्यात अर्थ नाही, कारण बापाची हनुवटी आणि आईचे दात मुलाच्या वाट्याला आले तर त्यावर घरात कोणाचाच इलाज चालत नाही. मात्र सर्व दोष रक्तावर ढकलणेही बरोबर नाही. उत्तर भारतातील ग्रामीण आणि शहरी तरुणांच्या मिळणीची एक पाहणी 1983 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत शहरी तरुणांमध्ये बिघाडांचे प्रमाण अधिक आढळले. एकाच प्रदेशातील लोकांत राहणीबरोबर हा फरक पडत असेल, तर जबड्याच्या वाढीवर खाण्याच्या सवयींचाही हात असावा, असे अनुमान संशोधकांनी केले. मऊ अन्नामुळे जबड्याला पुरेसे काम मिळत नाही, हा त्यामागचा तर्क असून त्यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही. प्रस्तुत लेखांकाचा भर मात्र तिसऱ्याच कारणावर आहे, ते म्हणजे दुधाच्या दाढा वेळेआधी गमावल्याने जाणारी जागा. हे कारण वादातीत आहे आणि टाळताही येते.

रायपूरच्या पंडरी भागाची ओळख कापडबाजारामुळे जितकी आहे तितकीच जुन्या बसस्थानकामुळेही आहे. 2021 मध्ये बससेवा भाटागावच्या नव्या आंतरराज्य स्थानकात गेली, परंतु त्याआधी कित्येक वर्षे नागपूरकडे, जगदलपूरकडे किंवा बिलासपूरकडे जाणारा प्रवासी येथेच गाडी गाठत असे, आणि गाडी फलाटाला लागताच खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरण्याची रीत इथेही तितकीच जुनी होती. रुमालाला स्वतःला बसायचे नसते, तो येणाऱ्या माणसासाठी जागा अडवतो, आणि माणूस येण्याआधी कोणी तो उचलला तर शेजारचा प्रवासी सरकून बसतो. दुधाच्या दाढांचे एक मोठे काम नेमके हेच आहे. त्या चावतात हे खरेच. पण त्यांच्या मुळांखाली ज्या कायमच्या उपदाढा तयार होत असतात, त्यांच्या नावाची जागाही त्या धरून ठेवतात. दुधाची दुसरी दाढ साधारण दहाव्या ते बाराव्या वर्षी पडणे अपेक्षित असते. किडीमुळे ती सहाव्या किंवा सातव्या वर्षीच उपटावी लागली, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि उपदाढ वर येते तेव्हा तिला बसायला पाट उरत नाही. मग ती गालाकडे किंवा जिभेकडे वाकडी निघते, कधी हाडातच अडकून राहते. जागेचे बरेचसे नुकसान दाढ गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच होते, त्यामुळे 'पुढच्या सुट्टीत दाखवू' हा विचार इथे महाग पडतो.

दाढ उपटली नाही तरी जागा जाऊ शकते. दोन दाढांच्या मधल्या बाजूंनी कीड लागली की दाढेची रुंदीच कमी होते आणि शेजारचे दात त्या पोकळीत हळूहळू झुकतात. बाहेरून पाहणाऱ्याला दात जागच्या जागी दिसतात आणि प्रत्यक्षात मिलिमीटरभर जागा गेलेली असते. एवढ्या तपशिलाने मिलिमीटर मोजण्याचे कारण असे की निसर्गाने येथे फार मोठी शिल्लक ठेवलेली नाही. दुधाचा सुळा आणि दोन दाढा यांची एकत्रित रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या तीन दातांपेक्षा थोडी अधिक असते. हायेस नान्स या दंतवैद्याने 1947 मध्ये दिलेल्या मापांनुसार ही शिल्लक खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी 1.7 मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात केवळ 0.9 मिलिमीटर असते. पुढच्या दातांची किरकोळ दाटी याच शिलकीतून भागवता येते, आणि दुर्लक्षित किडीने खर्च होते तीही हीच.

'दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत' हे मराठी घरांतही आणि छत्तीसगढी घरांतही सारख्याच सहजतेने उच्चारले जाणारे वाक्य या दृष्टीने तपासले पाहिजे. पडणारच आहेत हे खरे, पण केव्हा पडणार यावर पुढचे सारे अवलंबून असते. म्हणून किडलेली दुधाची दाढ शक्य तोवर भरून, गरज पडल्यास तिच्या मुळांवर उपचार करून आणि वर धातूची टोपी बसवून वाचवणे हा मिळणीच्या बिघाडावरचा पहिला प्रतिबंधक उपाय ठरतो. ती वाचवता आलीच नाही, तर शेजारच्या दाढेवर पट्टी बसवून तिला तारेचा फासा जोडलेले जागाराखे उपकरण बसवतात. हा फासा रिकाम्या जागेच्या पलीकडच्या दातावर टेकतो आणि दोन्ही शेजाऱ्यांना सरकू देत नाही. उचललेल्या रुमालाच्या जागी ठेवलेला तो दुसरा रुमालच असतो. तो बसवून विसरून मात्र चालत नाही, कारण उपदाढ वर येऊ लागली की तो काढावा लागतो, आणि दरम्यान पट्टीखाली कीड धरत नाही ना, हेही पाहावे लागते.

जागेइतकाच महत्त्वाचा दुसरा विषय म्हणजे दाब. दुधाचा दात पडला की 'तिथे जीभ लावू नकोस, दात वाकडा येईल' असे मुलाला बजावले जाते. ही समजूत जशी सांगितली जाते तशी खरी नाही, तरी तिच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तर सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या तंतूंच्या आवरणातून टांगलेला असतो, आणि आतून जीभ व बाहेरून ओठ-गाल यांच्या दाबांच्या मधोमध तो उभा असतो. या तोलात जोरापेक्षा वेळ निर्णायक ठरतो. घास चावताना पडणारा दाब मोठा असूनही क्षणिक असतो, म्हणून त्याने दात सरकत नाहीत. उलट दिवसाचे अनेक तास टिकणारा अगदी हलका दाबही त्यांना हलवतो. खळगीत मधूनमधून जीभ फिरवणाऱ्या मुलाने घाबरण्याचे कारण नाही, पण गिळताना वा स्वस्थ बसलेले असताना ज्याची जीभ सदैव पुढच्या दातांच्या फटीत ठेवलेली असते, त्याची फट मिटत नाही. अंगठा चोखण्याचेही असेच आहे. तीन-चार वर्षांपर्यंत ही सवय सुटली तर झालेला बदल बहुधा आपोआप भरून येतो. कायमचे पटाशीचे दात येऊ लागल्यावरही ती चालू राहिली, विशेषतः झोपेत रात्रभर अंगठा तोंडात राहिला, तर वरचे दात पुढे येतात, समोर फट पडते आणि गालांच्या ओढीने वरचा जबडा अरुंद होतो. अंगठ्याला कडुलिंब चोपडणे किंवा चारचौघांत मुलाला हिणवणे यांपेक्षा सवय केव्हा जडते, झोप येताना की एकटे असताना, हे पाहून तेवढा वेळ सांभाळणे अधिक उपयोगी पडते. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचे तोंड उघडे राहते, जीभ खाली उतरते आणि तोलाची घडी विस्कटते. अशा वेळी दातांआधी नाक-घसा तपासणे योग्य ठरते.

सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा मिळणी तपासून घ्यावी, असे दंतव्यंगोपचाराचे तज्ज्ञ सुचवतात. दंतव्यंगोपचार म्हणजे दात व जबडे योग्य ठेवणीत आणण्याची दंतवैद्यकाची शाखा. या वयात तपासणी करायची ती लगेच तारा लावण्यासाठी नव्हे. उलट आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांत फटी पडून ते पंख्यासारखे पसरलेले दिसतात, आणि कायमचे सुळे खाली उतरले की बहुतेकदा आपोआप जवळ येतात. या अवस्थेत उपचार न करणे हाच उपचार असतो आणि हे पालकांना समजावणे दंतवैद्याच्या कामाचा अवघड भाग आहे. वरचा जबडा अरुंद असून क्रॉसबाइट झाला असेल, तेव्हा मात्र थांबणे अंगाशी येते. टाळूच्या मध्यावरचा हाडांचा सांधा लहान वयात सैल असतो, त्यामुळे स्क्रू असलेल्या उपकरणाने जबडा रुंद करता येतो. एमर्सन एंजेल या अमेरिकन दंतवैद्याने 1860 मध्येच हा प्रयोग करून दाखवला होता. खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वाढीच्या भरात तो पुढे धरून ठेवणारी उपकरणे वापरतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी 1977 मध्ये योजलेले ट्विन ब्लॉक हे त्यांतील सर्वाधिक परिचयाचे आहे. वाढ थांबल्यावर तेच उपकरण जबड्यावर फारसे काम करत नाही. फार पुढे आलेल्या दातांना खेळताना पडून मार लागण्याचा धोकाही अधिक असतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ दिसण्याचा उरत नाही.

तारांच्या उपचाराचे तत्त्व वर सांगितलेल्या दाबाच्या नियमाहून वेगळे नाही. हलका आणि सतत दाब दिल्यावर ज्या बाजूला दात ढकलला जातो तिकडचे हाड विशिष्ट पेशी विरघळवतात आणि मागे रिकाम्या होणाऱ्या बाजूला दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. हे काम महिन्याला साधारण 1 मिलिमीटर या गतीने चालते, त्यामुळे पूर्ण उपचाराला दीड-दोन वर्षे लागणे स्वाभाविक आहे. अधिक दाब दिल्याने काम लवकर होत नाही, उलट रक्तपुरवठा अडून ते रेंगाळते. या काळात ठेठरी, चकली, ऊस आणि चिक्की यांपासून दूर राहणे भाग असते, कारण कडक पदार्थाने दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट सुटतात आणि चिकट पदार्थ तारेभोवती अडकतात. ब्रॅकेटच्या कडेने नीट घासले नाही तर दात सरळ होतात, पण त्यांवर किडीचे पांढरे डाग राहतात. तारा काढल्यानंतर दातांना जागेवर धरणारे रिटेनर न वापरणाऱ्यांचे दात पुन्हा सरकतात, हे तर नित्याचेच आहे.

प्रौढांमधील बिघाडाचा एक प्रकार या प्रदेशात विशेष लक्ष देण्यासारखा आहे. तंबाखू, गुळाची काकवी, चुना आणि लाल माती यांपासून केलेला गुडाखू छत्तीसगढात पुरुषांइतक्याच सहजतेने स्त्रियाही दातांना लावतात. महाराष्ट्रातील मिश्रीचा हा जवळचा नातेवाईक असून दात स्वच्छ होतात या समजुतीवर दोन्ही टिकून आहेत. तंबाखूने हिरड्यांचा विकार बळावतो, दातांभोवतीचे हाड झिजते आणि आजवर नीट असलेला तोल ढळून चाळिशीनंतर पुढचे दात बाहेर सरकू लागतात, त्यांच्यात फटी पडतात. अशा वेळी आधी गुडाखू सोडून हिरड्यांचा उपचार पुरा करावा लागतो. त्याआधी तारा लावणे म्हणजे खचलेल्या पायावर भिंत सरळ करणे होय.

या तपासण्या आणि उपचार कोठे मिळतील, हा प्रश्न उरतो. रायपूरचे जिल्हा रुग्णालय पंडरीतच आहे. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आणि एम्सचा दंतविभागही आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके, ज्यांना छत्तीसगढात 'चिरायु' म्हणतात, अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा तपासणीसाठी जातात, आणि त्यांच्या यादीत दातांचे विकार आहेत. खासगी शाळांतील मुले मात्र या फेरीत येत नाहीत. रायपुरात 1935 पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांची वर्षातून एक सकाळ तपासणी ठेवली, तर ही उणीव थोड्या खर्चात भरून निघेल.

तोवर घरी करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. मूल सहा वर्षांचे झाले की त्याला खिडकीच्या उजेडात उभे करून खालच्या जबड्याच्या मध्यरेषेपासून एका बाजूला दात मोजावेत : दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दुधाच्या दाढा. त्यांच्या मागे, कोणताही दात न पडता गुपचूप उगवलेला सहावा दात दिसला, तर तो दुधाचा नसून आयुष्यभरासाठी आलेला आहे.