राउटर आमचा, किल्ली त्यांची!

"हॅलो... हॅलो... अगं, तुझा आवाज रोबोटसारखा येतोय!" टीम लीडरचं हे वाक्य मी त्या आठवड्यात चौथ्यांदा ऐकलं. गणपतीला घरी, कळंबला आले होते, अर्थात लॅपटॉपसकट. चिंतामणीच्या गावात कसली आलीय चिंता? तर ही! धाकटा भाऊ व्हिडिओ अपलोड करायला बसला की माझा कॉल गेलाच. "मंग तू बंद कर ना वं तुयी मीटिंग," हा त्याचा उपाय.

लाइन ठीक होती, लोचा राउटरमध्ये होता. अपलोडची पाकिटं रांगेत तुंबतात आणि माझ्या आवाजाचं पाकीट बिचारं शेवटी उभं. एसटीच्या खिडकीवर एकानेच अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढावीत, तसं. ही रांग नीट लावता येते. पण सेटिंग्जमध्ये गेले तर तो ऑप्शनच गायब! कस्टमर केअरवाला म्हणाला, "मॅडम, ते आमच्याकडून लॉक आहे." म्हणजे डबा आमच्या भिंतीवर, विजेचं बिल बाबांचं आणि किल्ली त्यांच्याकडे. वा!

ही कुस्ती तशी जुनी. २००२ च्या शेवटी लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी आला. पुढच्या वर्षी काही उचापत्यांना कळलं, आत चक्क लिनक्स आहे! लिनक्सचं जीपीएल लायसन्स सांगतं : वापरा, बदला, पण दुसऱ्याला दिलंत तर सोर्स कोडही द्या. दबाव आला, २००३ मध्येच कोड खुला झाला आणि २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. २००५ मध्ये त्याच राउटरच्या नव्या आवृत्तीत मेमरी निम्मी आणि लिनक्सच्या जागी बंदिस्त व्हीएक्सवर्क्स. मग लिनक्सवाल्यांसाठी 'जीएल' नावाचं वेगळं मॉडेल काढावं लागलं.

माझ्याकडे ड्रॉवरमध्ये एक जुना राउटर पडून होता. कंपनीने त्याचे अपडेट कधीच थांबवलेले, पण ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तो होता. रविवारी बसले. टेन्शन एकच : फ्लॅश करताना लाइट गेली तर राउटरची वीट! आणि सोमवारी दहाला क्लायंट कॉल. इन्व्हर्टरवर लावला, देवाचं नाव घेतलं. तीन मिनिटं दिवा नुसता लुकलुकत होता. मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

चालला! कंपनीचा डबा आहे तिथेच ठेवला, त्याच्यामागे हा जोडला. स्पीडची मर्यादा लाइनच्या थोडी खाली ठेवली, म्हणजे रांग आपल्या हातात राहते.

लगेच उड्या मारू नका, बरं का. मॉडेल नंबरच नाही, मागची व्हर्जनही यादीशी ताडून बघा. ब्रॉडकॉमची चिप असेल तर वाय-फायची बोंब होऊ शकते. ४ एमबी फ्लॅशवाल्या जुन्या डब्यांना नव्या आवृत्त्या मिळतच नाहीत. आणि बिघडलं तर फोन करायला कुणी नाही, तुम्हीच तुमचे कस्टमर केअर. ज्याचा कॉल नीट चालतो, त्याने हा उद्योग कशाला करावा?

सोमवारचा कॉल पाऊण तास चालला, भावाचं अपलोडही. त्याला आता कळलंय, रात्री अकरानंतर एखाद्याचंच नेट बंद करायची सोयही यात आहे. "बाबाले सांगू नको," म्हणाला.