लॅक्रॉसच्या काठीचे शीर्ष : मूल्यमापनाची काही तत्त्वे

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१ व्या अधिवेशनात, २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धांत लॅक्रॉस या खेळाचा समावेश करण्याचे ठरले. १९०४ व १९०८ या दोन स्पर्धांनंतर पदकांसाठी हा खेळ प्रथमच खेळला जावयाचा आहे. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा हा खेळ. त्यात १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा रबरी चेंडू काठीच्या टोकाच्या जाळीत झेलावयाचा, धावत वाहून न्यावयाचा व फेकावयाचा असतो. ज्या चौकटीवर ही जाळी ताणलेली असते, ती चौकट म्हणजेच शीर्ष होय.

दीर्घकाळपर्यंत ही काठी हिकरीचे लाकूड वाकवून बनविली जात असे. १९७० मध्ये बाल्टिमोर येथील एसटीएक्स या संस्थेने दोन्ही बाजूंस सारख्या भिंती असलेले प्लॅस्टिकचे शीर्ष बाजारात आणले. शीर्षे साच्यातून निघू लागल्याने एक काठी दुसरीसारखी असणे शक्य झाले, आणि त्याबरोबरच नवनव्या आकृतींची मालिका सुरू झाली. प्रत्येक नवे शीर्ष ‘अधिक हलके व अधिक ताठर’ असल्याचे सांगितले जाते. हे विधान कोणत्या कसोटीवर तपासावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

पहिली कसोटी आकाराची. मुख रुंद असल्यास झेल सुलभ होतो. कंठाकडे शीर्ष निमुळते असल्यास चेंडू स्थिर राहतो व फेक अचूक होते. हे दोन गुण परस्परविरोधी असल्याने एका शीर्षाची दुसऱ्याशी तुलना करताना जाळीची वीण व खोली एकच ठेवली पाहिजे. अन्यथा जाळीचा गुण शीर्षाच्या पदरात पडतो.

दुसरी कसोटी वस्तुमानाच्या वाटणीची. खालच्या हातापासून ०.९ मीटर अंतरावर २० ग्रॅम वस्तुमान वाढविल्यास जडत्व-आघूर्णात सुमारे ०.०१६ किग्रॅ-मी.² इतकी भर पडते. तेच वस्तुमान ०.२ मीटरवर असल्यास ही भर ०.०००८ इतकीच असते. म्हणजे शीर्षातील एक ग्रॅम मुठीजवळच्या वीस ग्रॅमइतका जाणवतो. परंतु वजन घटविण्यासाठी भिंती पातळ केल्या की ताठरता उणावते.

म्हणून तिसरी कसोटी ताठरतेची. कंठ घट्ट आवळून ओठावर ज्ञात भार टांगावा व किती वाक आला ते सूक्ष्ममापकाने मोजावे. भार काढल्यावर शीर्ष पूर्ववत् होते की नाही, हेही पाहावे. ही कसोटी सोपी असली, तरी तिच्यातच मोठी फसगत संभवते. बहुतेक शीर्षे नायलॉनची असतात व नायलॉन हवेतील पाणी शोषून घेते. नायलॉन-६६ हे ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत स्थिरावले असता वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी धारण करते, आणि त्याची ताठरता कोरड्या अवस्थेच्या जवळजवळ निम्म्यावर येते. तापमान वाढले की ती आणखी घटते. साच्यातून नुकत्याच निघालेल्या कोरड्या शीर्षावर घेतलेले माप मैदानावरील खेळाडूच्या हातातील वस्तूचे माप नव्हे.

भंडारा जिल्ह्यातील शहापूरसारख्या ठिकाणी या मुद्द्याचे महत्त्व विशेष आहे. येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो व पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे दमट राहते. थंड प्रदेशात उत्तम ठरलेले शीर्ष येथे मऊ पडणे अगदी शक्य आहे. तेव्हा प्रत्येक नमुन्याची चाचणी कोरड्या, दमट व उष्ण अशा तिन्ही अवस्थांत घ्यावी. आवळणी, वजने, सूक्ष्ममापक व तापपेटी एवढी सामग्री असलेल्या कोणत्याही अभियांत्रिकी प्रयोगशाळेत हे काम होऊ शकते.

तात्पर्य, सर्वोत्तम शीर्ष असे काही निरपेक्षपणे सांगता येत नाही. कोणत्या कामासाठी व कोणत्या हवेत, हे ठरविल्यावाचून केलेले मूल्यमापन अपुरेच राहील. भारतात आता या खेळाची साधने विकत घेतली जातील, कदाचित घडविलीही जातील. त्या वेळी परदेशी तक्त्यांतील आकडे जसेच्या तसे स्वीकारण्यापेक्षा आपल्या हवेतील मापे हाती असणे अधिक हितावह होय.