सफाईच्या धंद्याला कराचं सॉफ्टवेअर निवडताना

सोसायट्यांचे जिने, ऑफिसच्या फरशा, पाण्याच्या टाक्या साफ करून देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने आधी आपली उलाढाल पाहावी. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. मग जीएसटीचं महागडं पॅकेज कशाला? प्राप्तिकराचं विवरणपत्र सरकारी पोर्टलवर फुकट भरता येतं.

विकत घ्यायचंच, तर टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापला जाणारा कर, कसा हाताळतं ते आधी तपासा. छोट्यांचे पैसे अडकतात ते इथेच. समजा, ऑफिसला ४०,००० रुपयांचं बिल दिलं. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून ४७,२०० झाले. तुमचा धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर ऑफिस मूळ रकमेवर १ टक्का, म्हणजे ४०० रुपये कापून ४६,८०० देतं. हे ४०० सॉफ्टवेअरने थकबाकीत दाखवता कामा नयेत. ते तुमच्या पॅनवर जमा झालेत का, हे फॉर्म २६एएसशी ताडून दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या. नाहीतर हक्काचा परतावा हातचा जातो.

आणि वर्गणी संपल्यावर जुनी बिलं एक्सेलमध्ये काढून घेता येतील ना, हे पैसे भरण्याआधीच विचारा.