दहा चिंचोके

लेकरांनो, परवा शाळा सुटल्यावर एक मुलगी वर्गातच रेंगाळली. हळूच म्हणाली, "सर, माझ्या वडिलांना स्किझोफ्रेनिया आहे. मोठेपणी मलापण होईल का? लोक म्हणतात, तुमच्या रक्तातच आहे."

तिला विचारूनच हे लिहितोय. नाव मात्र सांगणार नाही.

स्किझोफ्रेनिया म्हणजे करणी नव्हे, मेंदूचा आजार. यात नसलेले आवाज ऐकू येतात, उगाच संशय येतो. शंभरात साधारण एकाला तो होतो. आई किंवा वडिलांना असेल, तर दहा मुलांत साधारण एकाला.

मी टेबलावर दहा चिंचोके मांडले. एकावर खडूने खूण केली. "मोज बरं, बिनखुणेचे किती?"

"नऊ!" तिचा चेहरा जरा खुलला.

आईवडिलांकडून आपल्याला जनुकं मिळतात. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात. तरीही एकाला हा आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही, बरं का!

हल्ली थुंकीवरून जनुकं तपासून मिळतात. पण २०२२ साली शास्त्रज्ञांना या आजाराशी संबंधित २८७ जागा जनुकांच्या साखळीत सापडल्या. बहुतेक जागांचा वाटा अगदी थोडा. म्हणून "तुला होणारच" असं कोणतीही तपासणी ठामपणे सांगू शकत नाही. पालकांनो, लेकरांची अशी तपासणी परस्पर करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

आणि आजार लपवू नका. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी १९९७ साली पुण्यात रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था सुरू केली. 'देवराई' हा २००४ सालचा मराठी चित्रपटही याच आजारावर आहे.

"सर, पण खुणेच्या चिंचोक्याचं काय?" तिने विचारलंच.

त्यालाही औषध आहे. लवकर ओळखलं, तर उपचारांचा गुण चांगला येतो. आपल्या अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची सोय आहे. १४४१६ या सरकारी नंबरवर रात्रंदिवस फुकट बोलता येतं, मराठीतसुद्धा. तुम्ही एवढंच करा: झोप पुरेशी घ्या, गांजासारख्या नशेपासून लांब राहा, मन बिघडलं तर मोठ्यांना सांगा.

जाताना तिने चिंचोके दप्तरात टाकले. खुणेचासुद्धा!