मॅकिनॉ : घोडागाडीने येणारे ताट

मिशिगन राज्यातले मॅकिनॉ बेट ह्युरॉन सरोवरात आहे. क्षेत्रफळ जेमतेम 10 चौरस किलोमीटर, कायमची वस्ती पाच-सहाशेची. मे ते ऑक्टोबर या हंगामात मात्र रोज हजारो पर्यटक बोटीने उतरतात आणि इथली हॉटेले वर्षभराची कमाई तेवढ्यातच करून घेतात. 1898 मध्ये बेटावर मोटारबंदी आली, ती अजून कायम आहे. त्यामुळे भाजीपाला, मांस, बिअरची पिंपे असा सगळा माल धक्क्यावर उतरतो आणि घोड्यांच्या मालगाड्यांतून हॉटेलांच्या मागच्या दारी पोचतो. इथल्या चढ्या दरांत या खटाटोपाचाही वाटा आहे.

स्थानिक म्हणावा असा मासा व्हाइटफिश. सरोवराच्या थंड पाण्यातला, पांढऱ्या, मऊ मांसाचा. लाकडी फळीवर भाजून तो वाढतात. धुरावलेल्या माशाचे चटणीसारखे डिपही मिळते.

पण बेटाची खरी ओळख फज. साखर, लोणी आणि चॉकलेटचा उकळता पाक तांब्याच्या मोठ्या कढईतून थेट संगमरवरी ओट्यावर ओततात. कारागीर ओट्याभोवती फिरत लांब दांड्याच्या उलथण्याने तो पुन्हापुन्हा आत ओढतो. पाक आळत आला की त्याची लांबट लादी बनते आणि बर्फीसारखे काप पडतात. हे सारे दुकानाच्या दर्शनी काचेमागे चालते, म्हणजे जाहिरात फुकटात. फज घेऊन संध्याकाळच्या बोटीने परतणाऱ्यांना गावकरी ‘फजी’ म्हणतात, आणि त्यात कौतुक थोडेच असते.

1887 मध्ये सुरू झालेल्या ग्रँड हॉटेलचा थाट वेगळा. व्हरांडाच सुमारे 200 मीटर लांब. रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी कोट घालायचा हा दंडक आजही पाळला जातो. शेवटी पेकन बॉल मागवावा : पेकनच्या चुऱ्यात घोळवलेला व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा, वर गरम फज. वाढपी आणि स्वयंपाकी यांत जमैकाहून हंगामापुरते आलेले बरेच असतात.

ऑक्टोबर सरला की बहुतेक घोडे मुख्य भूमीवर जातात, ग्रँड हॉटेल बंद होते. रहिवाशांसाठी मस्टँग लाउंजसारखी एखादीच जागा उघडी राहते. बेट आणि मुख्य भूमी यांमधली सामुद्रधुनी गोठली तर ख्रिसमसची जुनी झाडे रोवून बर्फावर वाट आखतात आणि लोक स्नोमोबाइलवरून मुख्य भूमीवरच्या सेंट इग्नेसला किराणा आणायला जातात. अलीकडच्या उबदार हिवाळ्यांत ही वाट दरवर्षी तयार होतेच असे नाही.