उसाच्या गावातली मिरची

माझी मिरचीची सात रोपं एकाच आठवड्यात मेली, तेव्हा आई डब्यातली माती चिमटीत धरून म्हणाली, ‘‘ऊस समजून पाणी पाजलंस.’’

तिचं खरं होतं. टेंभुर्णी म्हणजे उसाचं गाव. भीमेवरचं उजनी धरण आमच्याच माढा तालुक्यात, १९८० साली पुरं झालं. तेव्हापासून पाणी आलं की सोडायचं, ही सवय दोन पिढ्यांच्या अंगात मुरली आहे. ऊस ते सोसतो, वर आणखी मागतो. मिरचीचं तसं नाही. तिची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरतात, आणि आपली काळी माती एकदा चिंब झाली की लवकर निचरत नाही. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती कुजतात. त्यात फसगत अशी, की पाणी जास्त झालेलं रोपही तहानेल्यासारखीच मान टाकतं. आपल्याला दया येते, आपण आणखी एक तांब्या ओततो. माझ्या रोपांवर कसलाच रोग नव्हता. मीच होतो.

आता सकाळी आधी बोट दोन पेरं मातीत खुपसतो. ओल लागली तर तांब्या परत मोरीत. पाण्याचा थोडा ताण बसलेली मिरची बहुधा तिखटही जास्त होते, त्यामुळे या कंजूषपणात तोटा नाही.

भिंतीच्या रंगाचा वीस लिटरचा डबा एका रोपाला पुरतो. तळाला पाच-सहा भोकं पाडायची. निम्मी काळी माती, बाकी मुरमाड माती आणि जुनं शेणखत. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) मिळाली तर उत्तमच, पण ती पुरती कुजलेली हवी. ताजी घातली तर रोप पोळतं. वर चार बोटं पाचट अंथरायचं. फडात पेटवून देतात तेच पाचट उन्हाळ्यात डब्यातली ओल धरून ठेवतं.

बियाण्यात नवशिक्याचं बजेट नाही, उत्साह वाया जातो. रोज भाजीला हिरवी मिरची हवी असेल तर दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा ज्वाला’ लावावी: बुटकं झाड, लांब सुरकुतलेली फिकट हिरवी मिरची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ घोसानं लागते, बघायलाच मजा येते. वर्षाच्या चटणीसाठी (आपल्याकडे चटणी म्हणजे लाल तिखट, हे पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं) संकेश्वरी चांगली. पण घरच्या चार डब्यांत वर्षाचं तिखट होत नाही, तो नाद सोडावा. बाजारातल्या मिरचीचं बी लावू नये. ती बहुधा संकरित असते आणि पुढच्या पिढीत वाण टिकत नाही. ढोबळीशेजारी लवंगी लावली की ढोबळी तिखट होते, असं म्हणतात. त्या वर्षीचं फळ होत नाही. त्या फळाचं बी पुढच्या वर्षी लावलं, तर मात्र चटका बसू शकतो.

बी मेअखेरीस टाकावं. आठ-दहा दिवसांत उगवतं, पस्तीस-चाळीस दिवसांत रोप लावण्याजोगं होतं. जानेवारीत टाकलेल्या बियाची झाडं एप्रिलात फुलावर येतात आणि नेमका तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. पस्तिशीच्या वरच फुलं गळायला लागतात. दुपारी जुन्या साडीची सावली केली तर थोडी तगतात.

पण खरी लढाई बोकड्याशी. पानं आक्रसून झाड बोकडाच्या कानासारखं दिसायला लागलं की सगळे सरसकट बोकड्या म्हणतात, औषध मात्र एकच मारून चालत नाही. पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी उपडी पडली तर कोळी. पानं बारीक, चुरगळलेली, झाड खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. खात्री करायची तर फुलाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढं पिवळट काही चालायला लागलं, तर ते फुलकिडे. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारायची. विषाणू लागलेल्या झाडाला औषध नाही. उपटून लांब पुरायचं. आणि तंबाखू मळलेल्या हातानं रोपाला शिवू नये. तंबाखूवरचा एक विषाणू हातावाटे मिरचीवर जातो. आमच्याकडे हा नियम सांगितला की निम्मे पुरुष बागेतून बाहेर पडतात.

हे झाड आपलं नव्हेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते अमेरिकेतून गोव्याला आणलं. ज्ञानेश्वरांच्या ताटात मिरची नव्हती. तेव्हाचं तिखट म्हणजे मिरं. पाहुणीला नावही त्या मिरीवरूनच मिळालं. तिचा तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटतात तिथं असतो. बियांना तो नुसता लागतो. आपल्या जिभेवरचा उष्णतेचा संवेदक मिरचीतल्या तिखट द्रव्यानं फसतो आणि थंड मिरचीही भाजल्यासारखी वाटते. हा संवेदक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पक्ष्यांचा संवेदक असा फसत नाही. म्हणूनच आमच्या डब्यावरची पिकलेली लाल मिरची बुलबुल शेंगदाण्यासारखी खातो आणि बी वाटेल तिथं टाकून जातो. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. ठेचा करून हात चुरचुरले तर आधी तेल चोळा, मग साबण.

यंदा फुले ज्योतीची पहिली तोड झाली. मी तवा तापवून, लसूण सोलून बसलो होतो. आईनं देठासकट सात मिरच्या मोजून घेतल्या, एका लिंबाबरोबर दोऱ्यात ओवल्या आणि शेजारच्या ट्रकवाल्याला नेऊन दिल्या. त्याला शनिवारी हैदराबादला निघायचं होतं. ठेच्याला दोनच उरल्या.