मुदत संपलेल्या जखमांचा दावा

वकिलीत पडलो तेव्हा माझ्या सिनिअरांनी पहिला धडा दिला तो असा : पक्षकाराचं गाऱ्हाणं नंतर ऐक, आधी तारीख विचार. दावा कितीही खरा असो, मुदतीबाहेर गेला की कोर्ट त्याच्या खरेखोटेपणात शिरतच नाही. तेव्हापासून मुदतीच्या कायद्याने मला जे धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही. देशोदेशीचे मुदतीवरचे निकाल वाचणं हा माझा छंदच झाला. या वाटेने जाता जाता मी अशा एका विषयापाशी पोचलो, ज्याबद्दल घरात तर सोडाच, बाररूममध्येही कोणी मोकळेपणाने बोलत नाही. लहानपणी धर्मगुरूकडून लैंगिक अत्याचार झालेला माणूस पन्नाशीत बोलू लागला, तर कायदा त्याच्यासाठी काय करू शकतो?

मुदतीचा कायदा मुळात वाईट नाही. साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, आठवणी पुसट होतात. कुणाच्याही डोक्यावर दाव्याची टांगती तलवार जन्मभर राहू नये. इंग्लंडमध्ये १६२३ साली झालेल्या कायद्याने मारहाणीच्या दाव्याला चार वर्षांची मुदत घातली होती. दावेदार अज्ञान असेल तर तो सज्ञान झाल्यावर मुदत मोजायची, ही सवलतही त्यात होती. आपल्याकडे १८५९ साली मुदतीचा पहिला एकत्रित कायदा आला आणि १९६३च्या चालू कायद्यातही ती सवलत टिकून आहे. म्हणजे चारशे वर्षं कायदा असंच धरून चालला आहे, की मूल सज्ञान झालं की ते बोलायला मोकळं झालं.

हे गृहीतक चुकीचं आहे, याचा ढळढळीत पुरावा संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने गोळा केला. २०१३ ते २०१७ या काळात कमिशनने सुमारे आठ हजार पीडितांचं म्हणणं बंद दाराआड, एकेकाला भेटून ऐकून घेतलं. अत्याचाराबद्दल पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी २३.९ वर्षं लागली होती. यात नवल ते काय? ज्याने बाप्तिस्मा दिला, जो रविवारी घरी जेवायला येतो, ज्याच्या हातून आईवडील डोळे मिटून प्रसाद घेतात, त्याच्याविरुद्ध दहा वर्षांच्या पोराने तोंड उघडायचं कसं? आणि उघडलंच, तर पहिली थप्पड घरातूनच बसायची. जो आपल्या हक्कावर झोपून राहतो त्याला कायदा मदत करत नाही, असं आम्ही वकील मोठ्या रुबाबात सांगतो. पण ही मुलं झोपलेली नव्हती. त्यांना गप्प केलेलं होतं.

पार्श्वभूमी भराभर सांगतो. ६ जानेवारी २००२ रोजी ‘बॉस्टन ग्लोब’ने जॉन गेगन या कॅथलिक धर्मगुरूचं प्रकरण छापलं. तक्रारी माहीत असूनही त्याला एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात पाठवलं जात होतं. डिसेंबरात तिथल्या महाधर्मप्रांताचे प्रमुख कार्डिनल लॉ यांनी पद सोडलं. पुढे या शोधावर ‘स्पॉटलाइट’ हा चित्रपट आला. चर्चचा स्वतःचा कायदाही हळूहळू बदलला. डिसेंबर २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरचं पोपच्या गोपनीयतेचं कवच काढलं. पण चर्चची शिक्षा म्हणजे फार तर धर्मगुरुपद जाणं. तुरुंग आणि भरपाई यांसाठी सरकारी कोर्टाचीच पायरी चढावी लागते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. बॉस्टननंतर कॅलिफोर्नियाने एक धाडसी प्रयोग केला. २००३ हे एक वर्षभर, जुन्यात जुन्या अत्याचाराबद्दलही संस्थेवर दिवाणी दावा लावता येईल, मुदत केव्हाच संपलेली असली तरी चालेल, असा कायदा झाला. याला तिकडे ‘लूक-बॅक विंडो’ म्हणतात. या एका वर्षात शेकडो दावे आले, आणि २००७ साली लॉस एंजेलिसच्या महाधर्मप्रांताने ५०८ पीडितांशी ६६ कोटी डॉलरची तडजोड केली. राज्याने २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं पुन्हा विंडो उघडली. अत्याचार दडवून ठेवला गेल्याचं सिद्ध झालं तर तिपटीपर्यंत भरपाईची तरतूदही केली. त्यातून ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच महाधर्मप्रांताने १,३५३ जणांसाठी ८८ कोटी डॉलर मान्य केले.

त्याच २००३ साली जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्टॉग्नर विरुद्ध कॅलिफोर्निया’ हा निकाल दिला. एकदा संपलेली फौजदारी मुदत नवा कायदा करून जिवंत करता येणार नाही, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. आरोपी धर्मगुरू नव्हता, पण निकालाचा फायदा अनेक धर्मगुरूंना मिळाला. चालू खटले बंद पडले. हा निकाल मी कितीदा वाचला असेन! त्याचा राग येतो, आणि तरी तो बरोबर आहे असं वाटतं. सरकारला जुनी मुदत मागे जाऊन हलवू दिली, तर उद्या ते कुणालाही तुरुंगात घालेल. दिवाणी दाव्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे स्वातंत्र्य पणाला लागत नाही, पैसा लागतो. म्हणून तुरुंगाचं दार बंद राहिलं, तरी भरपाईचं दार राज्याला पुन्हा उघडता येतं. सगळा विषय या एका फरकावर उभा आहे.

न्यूयॉर्कला हे पटायला तेरा वर्षं लागली. विधिमंडळात मार्गारेट मार्की यांनी २००६ साली विधेयक मांडलं. ते वर्षामागून वर्षं अडत राहिलं आणि अखेर १४ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यावर सही झाली. पूर्वी पीडिताला वयाच्या तेविशीपर्यंतच दावा करता यायचा. नव्या कायद्याने ते वय ५५ केलं. शिवाय १४ ऑगस्ट २०१९पासून विंडो उघडली, कोविडमुळे ती दोन वर्षं राहिली, आणि दहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले. त्या ऑगस्टात मी मुलीकडे न्यू जर्सीला होतो. सेंटर स्ट्रीटवरचं ते मोठ्या खांबांचं कोर्ट मला बघायचंच होतं. दावे ऑनलाइन जात होते, त्यामुळे आत कारकुनांच्या खिडक्यांशी झुंबड नव्हती. बाहेर मात्र काही मंडळी स्वतःचे लहानपणीचे फोटो हातात धरून उभी होती. साठीच्या आसपासच्या एका गृहस्थांशी बोललो. ते म्हणाले, “पैसे मिळाले तर घेईनच. पण आधी मला त्यांच्याकडची माझ्या फादरची फाईल वाचायची आहे.”

फाईलचं महत्त्व जाणण्यासाठी चर्चच्या कायद्यातली ४८९ आणि ४९० ही कलमं वाचावीत. प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दप्तर असतं आणि त्याची किल्ली फक्त बिशपकडे असते. नैतिक गुन्ह्यांचे कागद, आरोपी वारल्यावर किंवा निकालाला दहा वर्षं झाल्यावर, थोडक्यात सार ठेवून नष्ट करायचे, असंही तिथे लिहिलं आहे. दिवाणी दाव्यात वादीला प्रतिवादीकडचे कागद मागता येतात, आणि त्याच रेट्याने असली दप्तरं उघडी पडली. लॉस एंजेलिसच्या महाधर्मप्रांताने २०१३च्या जानेवारीत बारा हजारांच्या आसपास पानं जाहीर केली. माझ्या मते या सगळ्या दाव्यांची खरी कमाई ही पानंच आहेत. कुणाला काय माहीत होतं आणि कधीपासून, हे आता कुणाला नाकारता येत नाही.

पेनसिल्व्हेनियाची कथा ऐकून तर कुणाही वकिलाने हात जोडावेत. २०१८च्या ग्रँड ज्युरी अहवालात सहा धर्मप्रांतांतले ३०१ धर्मगुरू आणि हजारांहून अधिक मुलं नोंदली गेली. मुदतीमुळे खटले भरता आले ते फक्त दोघांवर. विंडोसाठी राज्यघटना दुरुस्त करायची ठरली. तशी दुरुस्ती विधिमंडळाच्या लागोपाठच्या दोन कार्यकाळांत मंजूर व्हावी लागते आणि मध्ये तिची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत द्यावी लागते. संबंधित खात्याने ती सूचना दिलीच नाही! २०२१च्या फेब्रुवारीत राज्याच्या सचिव कॅथी बुकवार यांना पद सोडावं लागलं, आणि पीडितांना पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उभं राहावं लागलं.

विंडो उघडली की धर्मप्रांत दिवाळखोरीचा आसरा घेतात, हा त्यापुढचा अंक. मेरीलँडचा मुदतच उठवणारा नवा कायदा १ ऑक्टोबर २०२३ रोजी लागू व्हायचा होता. बॉल्टिमोरच्या महाधर्मप्रांताने दोन दिवस आधी दिवाळखोरीचा अर्ज टाकला. असा अर्ज झाला की सगळे दावे थांबतात, पीडिताला एका ठरावीक तारखेपर्यंत दिवाळखोरी कोर्टात आपली मागणी नोंदवावी लागते, आणि ज्युरीसमोर उभं राहण्याची संधी जाते. मला हे अपमानास्पद वाटतं. त्यात एकच बरं : आधी जिंकेल त्याने सगळं नेलं आणि मागचे रिकाम्या हाताने राहिले, असं होत नाही. तिथल्या पीडिताने म्हणूनच दोन तारखा डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात : राज्याच्या कायद्याची मुदत आणि दिवाळखोरीतली शेवटची तारीख. चर्चने स्वतः चालवलेल्या भरपाई योजनेचाही पर्याय असतो. न्यूयॉर्कच्या महाधर्मप्रांताने २०१६ साली अशी योजना केनेथ फाइनबर्ग यांच्याकडे सोपवली होती, ज्यांनी ९/११च्या मृतांच्या कुटुंबांचा निधी सांभाळला होता. तिथे पैसे लवकर मिळत, पण पुढे दावा करण्याचा हक्क सोडावा लागे.

सगळीच न्यायालयं विंडोला अनुकूल नाहीत. युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये आणि मेनच्या न्यायालयाने २०२५च्या जानेवारीत संपलेले दावे जिवंत करणारे आपापल्या राज्यांचे कायदे घटनाबाह्य ठरवले. लगेच फेब्रुवारीत मेरीलँडच्या न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिथला तसाच कायदा उचलून धरला. शिवाय मुदतीचा अडथळा ओलांडला तरी दावा लावायचा कुणावर, हा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियात जॉन एलिस यांच्या प्रकरणात २००७ साली न्यू साउथ वेल्सच्या कोर्टाने म्हटलं की चर्च ही कायद्याने व्यक्ती नाही आणि मालमत्ता सांभाळणारे विश्वस्त धर्मगुरूच्या कृत्याला जबाबदार नाहीत. ही पळवाट बुजवायला २०१८ साली कायदे करावे लागले.

आता आपल्या घराकडे वळू. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. धार्मिक संस्थेतल्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार त्यात जास्त गंभीर मानला आहे. मग ते चर्च असो, मठ असो, मदरसा असो वा आश्रम. आसाराम याला २०१८मध्ये जोधपूरच्या विशेष न्यायालयाने याच कायद्याखालीही दोषी धरून जन्मठेप दिली. मुंबईतल्या एका चर्चच्या धर्मगुरूला २०१५च्या घटनेबद्दल डिसेंबर २०२१मध्ये जन्मठेप झाली. कलम १९प्रमाणे ज्याला असा गुन्हा कळला त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वकील-पक्षकार संवादाला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते धर्मगुरूपुढच्या कबुलीला नाही. विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकतं. महाराष्ट्रात पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं.

घटना २०१२च्या आधीची असेल तर पॉक्सो लागत नाही, त्या काळचा कायदा लागतो. पण ‘आता फार उशीर झाला’ हे सरसकट खरं नाही. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्याकडे फौजदारी मुदतच नाही. मुलीवरचा बलात्कार, किंवा मुलाच्या बाबतीत जुन्या भारतीय दंडसंहितेतलं कलम ३७७, या तक्रारी आजही करता येतात. ३७७ नव्या न्यायसंहितेत नसलं तरी तेव्हाच्या गुन्ह्याला तेव्हाचाच कायदा लागतो. विनयभंगाच्या जुन्या कलम ३५४ला मात्र त्या वेळी दोनच वर्षांची शिक्षा होती, म्हणून तीन वर्षांची मुदत आडवी येते. न्यायासाठी आवश्यक असेल तर कोर्ट तो उशीर माफ करू शकतं.

खरा अडथळा दिवाणी बाजूला आहे. आपला मुदतीचा कायदा अज्ञानपणाची सवलत सज्ञान झाल्यानंतर जास्तीत जास्त तीन वर्षं देतो. म्हणजे एकविसाव्या वर्षी भरपाईच्या दाव्याचं दार बंद. बोलायलाच सरासरी जवळपास चोवीस वर्षं लागतात, हे एकदा कळल्यावर हे कलम तसंच ठेवणं हा अन्याय आहे. आपल्या संसदेने बाल लैंगिक अत्याचाराच्या दिवाणी दाव्यांना मुदतीतून वगळावं आणि जुन्या प्रकरणांसाठी दोन-तीन वर्षांची विंडो उघडावी, असं मी ठामपणे म्हणतो. यात कोणत्याही धर्माचा अवमान नाही. मुलांना सांभाळण्याची जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती निभावल्याचा हिशेब द्यायला लावणं, एवढंच त्यात आहे.

तोवर, तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी तीस-चाळीस वर्षांनी बोलू लागलं, तर ‘तेव्हा का नाही सांगितलंस’ हे विचारू नका. सगळं ऐकून घ्या. घटनेचं साल, ठिकाण, तेव्हा सोबत कोण होतं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायला मदत करा. मग फौजदारी कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे न्या. मुदत संपली असं तो म्हणाला, तर कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, हे त्याच्याकडून लेखी घ्या. आणि ते उत्तर पटलं नाही, तर दुसऱ्या वकिलाकडे जा.